विजयाबाईंचं इंग्रजी कपाट

आमच्या शाळेत विजया चुरी नावाच्या बाई इंग्रजी शिकवतात आणि स्वतः शक्यतो इंग्रजी बोलत नाहीत. बोईसरमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासांच्या पाट्या लागल्यात, आणि या बाई वर्गात मुलांशी मराठीत गप्पा मारत बसतात. मी त्याच शाळेत गणित शिकवतो. मला सुरुवातीला वाटायचं की बाई कामचुकार आहेत. एकदा स्टाफरूममध्ये तसं बोलूनही दाखवलं होतं. बाईंनी राग धरला नाही. पुढच्या सोमवारी त्यांनी इकडच्याच माहीम गावातल्या आपल्या वाडीतली डझनभर केळी आणून माझ्या टेबलावर ठेवली. असल्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

शाळा बोईसरलगतच्या सरावलीची, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक कारखान्यांतल्या कामगारांची. ग्रंथालयाला खोली नाही, म्हणून इंग्रजी पुस्तकांचं कपाट प्रयोगशाळेत, ॲसिडच्या बाटल्यांशेजारी. त्यातली पुस्तकं शाळेने विकत घेतलेली नाहीत. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या साहेबांच्या वसाहतीतून एखादं कुटुंब बदली होऊन निघालं, की मुलांची जुनी पुस्तकं खोक्यांत भरून बाहेर काढतं. बाईंना खबर लागायची. मग त्या रिक्षा करून जायच्या आणि मांडीवर खोकी घेऊन परत यायच्या. पुस्तकांच्या पाठीवर वयाची चिकटपट्टी असते, सहा ते आठ, आठ ते दहा अशी. बाई शनिवारी दुपारी खोबरेल तेलाचा बोळा घेऊन त्या पट्ट्या खरवडत बसायच्या. आठवी-नववीतल्या मुलाने सहा वर्षांच्या पोराचं पुस्तक हातात धरलंय हे त्याला कळता कामा नये, एवढाच हेतू.

पण आतल्या पानावर पहिल्या मुलाने लिहिलेलं नाव त्या कधी खोडायच्या नाहीत. हे कुणीतरी आधी वाचलंय म्हटलं की मुलांना जरा सोबत वाटते, असं त्यांचं म्हणणं.

पुस्तक निवडून देण्याची त्यांची पद्धत मी शेजारी वह्या तपासता तपासता बघत आलोय. आधी त्या पोराला बसवून मराठीत विचारायच्या, काल काय झालं, कुणाशी भांडलास, शेवटचं कधी पोट धरून हसलास. मग तीन पुस्तकं समोर ठेवायच्या. कुठलंही पान उघडायचं, वाचायचं, आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पानभरात पाचही बोटं मिटून मूठ झाली, की ते पुस्तक आज नको. आमची पोरं वस्ताद. मित्रांसमोर लाज वाटते म्हणून बोटं मिटतच नाहीत. मग बाईंनी नियम केला, हात टेबलाखाली ठेवायचा. मूठ झाली की नाही ते ज्याचं त्यानेच बघायचं.

गेल्या वर्षी नववीत उत्कर्षा होती. हुशार, अबोल, आणि इंग्रजीचं नाव काढलं की मान खाली. तिचे वडील शिवाजी, मूळचे जतकडचे, पंधरा वर्षांपासून इथे औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात. मुलीने इंग्रजीत पुढे जावं हा त्यांचा एकच ध्यास. बाईंनी तिला चार आठवड्यांत चार पुस्तकं दिली आणि चारही जशीच्या तशी परत आली. पाचव्या शनिवारी बाई हट्टाला पेटल्या. तास संपून गेला तरी तिला बोलतं करत राहिल्या, आणि शेवटी पोरगी बोलली, की चाळीतल्या शेजाऱ्यांच्या शेळीने तिचं चौथीचं प्रगतिपुस्तक खाऊन टाकलं होतं. सांगताना तीच हसायला लागली.

बाईंनी कपाटातून एका हट्टी शेळीची गोष्ट काढली. पातळ पुस्तक, पानागणिक चित्र. उत्कर्षाने तिथेच उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि पाचव्या पानावर फिस्सकन हसली. इंग्रजी वाचून. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जसा काही बोर्डात पहिला नंबर आलाय. खरं सांगतो, माझाही लाल पेन थांबला.

दोनच दिवसांनी शिवाजी शाळेत आले. पहिली पाळी संपवून थेट, अंगात कारखान्याचा गणवेश आणि पायांत ते जड बूट. ते बूट त्यांनी प्रयोगशाळेबाहेर काढून ठेवले. शेळीचं पुस्तक उघडून त्यांनी आतलं पान बाईंपुढे धरलं. पेन्सिलीच्या वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, प्रियदर्शिनी, दुसरी, ब तुकडी. मुलीच्या प्रवेशाचे अर्ज भरून भरून एवढं इंग्रजी शिवाजींना येत होतं.

मला वाटलं, आता आवाज चढणार. चढला नाही.

"बाई, सायबाच्या लेकीनं जे दुसरीत वाचलं, ते माझी लेक नववीत वाचती," ते म्हणाले. "मग ती कुठवर पोचंल?"

बाईंनी समजावलं. आधी गोडी लागू दे, मग ती आपोआप पुढे जाईल, महिन्या-दोन महिन्यांत याहून मोठं घेईल, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. शिवाजी हात जोडून ऐकत राहिले, आणि हात जोडलेल्या माणसापुढे माणसाचं काही चालत नाही. त्यांचं ऐकून झालं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुमी म्हनताय ते खरं असंल. पन मला जे दिसतंय ते बी खरंच हाय."

मग त्यांनी स्वतःच कपाटात बघितलं आणि एका जाडजूड पुस्तकावर बोट ठेवलं. हे तिच्या इयत्तेला शोभेल असं द्या, म्हणाले. पुस्तक दोन्ही हातांत घेऊन त्यांनी वजन जोखलं आणि त्यांचा चेहरा जरासा उजळला. पुढे मी ते उघडून पाहिलं होतं. पहिलंच वाक्य पाच ओळींचं, अक्षरं मुंगीएवढी.

ते गेल्यावर मी बाईंवर उखडलो. ते नावाचं पान तेवढं फाडून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणालो. पट्ट्या काढायला तेल आहे, वेळ आहे, आणि इयत्ता तशीच ठेवायची? बाई शेळीचं पुस्तक घेऊन बाकावर बसून राहिल्या. मला माझीच लाज वाटली, पण बोललेलं मागे घेता येत नाही.

पुढे दर शनिवारी उत्कर्षा यायची. बाई विचारायच्या, कळतंय का. ती म्हणायची, कळतंय बाई. टेबलाखाली हात ठेवून बघूया का, असं एकदा बाई म्हणाल्या, तर पोरगी म्हणाली की आता त्याची गरज नाही. शेळीचं पुस्तक बाईंनी तिला गुपचूप देऊ केलं, तर पप्पांना चालणार नाही म्हणून तिने हातसुद्धा लावला नाही. दीड महिन्याने बाई म्हणाल्या, सर, मी घरी जाऊन बोलते, तुम्ही सोबत चला, मला जरा धीर येईल.

आम्ही संध्याकाळी गेलो. एकच खोली. बाईंना बघून शिवाजींची धांदल उडाली. उत्कर्षाच्या आईने चहा टाकला. टीव्हीवर फडकं घातलेलं होतं. रोज सहा ते सात टीव्ही बंद, शिवाजींनी सांगितलं. त्या तासाला उत्कर्षा मोठ्याने वाचते आणि घरचे ऐकतात. बाई आल्याच आहेत तर वाच म्हणून त्यांनी मुलीला सांगितलं.

ती वाचू लागली. सरळ, स्पष्ट, एका सुरात. शिवाजी भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. ती थांबली की मान डोलवायचे. मी बाईंकडे पाहिलं. येताना रिक्षात त्यांनी काय बोलायचं ते तीनदा जुळवून घेतलं होतं.

पान संपल्यावर शिवाजींनी डोळे उघडले. "माझी पाचवीला शाळा सुटली, बाई. कळत तर काय न्हाई. पन दिवसभर ड्रम ढकलून आलो की घरात हे कानावर पडतं," ते म्हणाले. मग जरा पुढे सरकून त्यांनी विचारलं, "बरुबर वाचती न्हवं?"

उत्कर्षा बाईंकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, काही खुणावलं नाही, नुसती बघत राहिली.

"बरोबर वाचते," बाई म्हणाल्या.

आम्ही चहा पिऊन निघालो. नाक्यावर रिक्षाची वाट बघताना बाई म्हणाल्या, "उच्चार एकही चुकला नाही तिचा. आणि कळलं एकही वाक्य नाही. मी काय करायला हवं होतं, सर?" रिकाम्या रिक्षा तीन गेल्या, आम्ही एकही थांबवली नाही.

त्यानंतरच्या महिन्यात उत्कर्षा ते जाड पुस्तक परत घेऊन आली. संपलं, म्हणाली. बाईंनी सवयीने तिला समोर बसवलं, काल काय झालं ते विचारलं आणि तीन पुस्तकं काढून पुढे ठेवली. बघ यातलं तुला कुठलं आवडेल, म्हणाल्या.

उत्कर्षाने पुस्तकांकडे पाहिलंच नाही. अगदी सहज, समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मला आवडायचं राहू दे, बाई. पप्पांना आवडेल असं द्या."

तीनही पुस्तकं बाईंनी परत आत ठेवली, आणि नोकरीच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, एकही पान न उघडता, कपाटातली पुस्तकं एकेक करून हातात तोलायला लागल्या.