राहिलं की ठेवलं

भिंगबाईंच्या आणि माझ्या वर्गाच्या मध्ये एक प्लायवुडची भिंत होती, त्यामुळे इच्छा नसताना मी सात वर्षं भाषा शिकलो. माझा विषय गणित. तासाला दहा उदाहरणं झाली नाहीत तर मला जेवण जात नाही. आणि पलीकडे या बाई दहावीची पोरं घेऊन चाळीस मिनिटं एकाच वाक्यावर ठाण मांडून बसलेल्या. भिंगबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. ते त्यांना माहीत होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

त्यांची शिस्त अजब होती. गोष्ट वाचताना हातात शिसपेन्सिल आणि एका पानावर एकाच शब्दाखाली रेघ. "सगळ्याखालीच रेघा ओढल्या तर रेघेचा उपयोग काय?" असं त्या विचारत. कुणी एखादं मत ठोकून दिलं की पलीकडून दोन शब्द ऐकू येत: "बोट ठेव." म्हणजे तू म्हणतोस ते गोष्टीत कुठे लिहिलंय ते दाखव. दाखवता आलं नाही तर मत मागे घ्यायचं. त्यांचे वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. लहानपणी ह्या मूळ प्रत मोठ्याने वाचायच्या आणि वडील मुद्रितावर बोट ठेवून पुढे सरकायचे. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं ते कायमचं.

एकदा एका मुलाने बाईंनाच सांगितलं, "तुम्ही बोट ठेवा." पाच मिनिटं पलीकडून नुसता पानांचा आवाज. मग बाई म्हणाल्या, "नाही सापडत रे. माझं चुकलं." माझा खडू फळ्यावरच थांबला. बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं. बाईंचा मला राग यायचा तो यामुळेच, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी पालकांच्या तक्रारी वाढल्या. ब तुकडीचे सगळे धडे संपून गाईडमधली उत्तरंही पाठ झाली होती आणि बाईंची अ तुकडी सातव्या धड्यातच रेंगाळत होती. हेडसरांनी बाईंना माझ्यासमोरच सांगितलं, "सराव परीक्षेत तुमची मुलं मागे पडली तर वाचनाचा तास बंद. त्या वेळात उत्तरं पाठ करून घ्यायची. ते दुसरं कुणीतरी बघेल. तुम्ही ग्रंथालय सांभाळा." बाई म्हणाल्या, "बरं." मी मनातल्या मनात मान डोलावली.

परीक्षा विभाग माझ्याकडे होता. आमच्या कामात बोट ठेवायला जागा नसते, असं मी चारचौघांत सांगत असे. भाषेच्या पेपरची आदर्श उत्तरंही मीच तयार केली, म्हणजे गाईडमधून उतरवून काढली. पेपर तपासायला दुसऱ्या शाळेतले एक निवृत्त सर आले.

सहा गुणांचा प्रश्न सातव्या धड्यावर होता. त्या गोष्टीतली मुलगी बापाशी भांडून घर सोडते. काही महिन्यांनी घरात चोरी होते, भिंतीवरचं घड्याळ जातं. बाप ती रिकामी जागा पाहतो आणि झोपायला जातो. शेवटची ओळ दाराविषयी, गोष्ट तिथेच संपते. बापाचा स्वभाव लिहायचा होता. आदर्श उत्तर असं: बाप विसराळू व निष्काळजी होता, कारण चोरी होऊनही दार पुन्हा उघडं राहिलं. ब तुकडीने हेच घडाघडा लिहिलं. अ तुकडीतल्या अडतीसपैकी एकतीस जणांनी लिहिलं की बाप विसराळू नाही, तो वाट बघतोय. एकतिसांना शून्य. तुकडी सपशेल आपटली.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'वाचनाचा तास पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.' बाई शिक्षक खोलीतला खण रिकामा करत होत्या. पेन्सिलींचे तुकडे एका डब्यात भरत होत्या, बोटभर उरलेलेसुद्धा. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मधल्या सुट्टीत हेडसरांच्या खोलीत निवृत्त सर आणि मी निकालावर सह्या करत होतो. तेवढ्यात दारात गप्पू उभी राहिली. ही बसकंडक्टरची मुलगी. चार वर्षांत तिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकलेला. मागे अख्खी अ तुकडी.

"सर, आमच्या उत्तरात काय चुकलं?"

निवृत्त सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाळ, चोरी झाली तरी दार उघडं राहिलं. म्हणजे बाप विसराळूच की."

"बोट ठेवा, सर."

"अगं, कुणाशी बोलतेस तू?" हेडसर कडाडले. पण निवृत्त सर माणूस सरळ. त्यांनी चष्मा चढवला, पुस्तक ओढलं आणि 'राहिलं' शोधू लागले. पान उलटलं, परत आले. मिळेना.

गप्पूने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "'आजही त्याने दार उघडंच ठेवलं.' राहिलं नाही, सर, ठेवलं. राहिलं असतं तर तो विसरला. ठेवलं म्हणजे मुद्दाम. आणि 'आजही' म्हणजे रोजच." मग तिने तीन पानं मागे उलटली. "आणि इथे. जाताना ती किल्ली टेबलावर टाकून गेलीय. तिच्याकडे किल्लीच नाही, सर."

निवृत्त सरांनी त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं आणि म्हणाले, "सतरा वर्षं शिकवला मी हा धडा." आणि मग, "आदर्श उत्तरात 'राहिलं' कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो. "गाईडमधून. मूळ धडा उघडलाच नाही." आणि पुढचंही बोललो, "माझं चुकलं."

पोरांसमोर बोललो. आभाळ कोसळलं नाही.

निवृत्त सरांनी लाल पेन आणि गठ्ठे मागवून घेतले. शाळा सुटायच्या आत एकूण बेरजेत अ तुकडी ब तुकडीपेक्षा अकरा गुणांनी पुढे होती. ब तुकडीचे गुण कापू नका, असं भिंगबाईंनीच बजावलं, पोरांनी आमच्यावर विश्वास ठेवला, त्यांचा काय दोष. पेन्सिलींचा डबा परत खणात गेला.

हेडसर स्वतः फलकापाशी आले आणि नवा कागद लावला: 'वाचनाचा तास चालू राहील.' गप्पू नुसती कागदाकडे बघत राहिली. हेडसरांनी तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि खोडून लिहिलं, 'चालू ठेवण्यात येत आहे.'

"कोण ठेवतंय, सर?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले. हेडसरही हसले. त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं, 'वाचनाचा तास मी चालू ठेवत आहे,' आणि खाली सही ठोकली.

भिंगबाईंनी डोळे पुसले आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून गप्पूच्या हातात दिली. गप्पूने टाचा उंचावल्या आणि त्या कागदावर एकाच शब्दाखाली रेघ ओढली. 'मी'खाली.