सातवीच्या वर्गाची मागणी

पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी घ्यायच्या, आतल्या तारेचं वाइंडिंग नवं भरून पुन्हा विकायच्या, हा माझा धंदा. उचगावात हायवेच्या कडेला दुकान आहे आणि ते कुणाच्या मेहेरबानीवर उभं राहिलेलं नाही. समोरच्याला किती हवंय ते ओळखायचं आणि आपलं किती कमीत भागेल ते त्याला कळू द्यायचं नाही, एवढ्यावर मी संसार केला. ही साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांना का कळत नाही, याचा संताप माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

हायवे रुंद करायचं काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या सरकारी शाळेत सातवीपर्यंत वर्ग होते आणि माझी मुलगी सहावीत होती. उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं की पट कमी आहे म्हणून सातवीचा वर्ग बंद होणार. पुढची शाळा हायवेच्या पलीकडे. मुलगे सायकली दामटत जातील, पण मुलींना त्या ट्रकांमधून कोण धाडणार? बायकोने मला तोंडावर सांगितलं, "पोरगी रस्ता ओलांडणार न्हाय." म्हणजे वर्ग गेला की माझी मुलगी घरात बसणार. फी भरून शहरात घाल, असं सांगणारे खूप भेटले. सरकारने शाळा मोफत म्हणून काढली आहे, मग मी पुन्हा पैसे का मोजू?

अशात कोल्हापुरातून एका संस्थेच्या ताई आल्या. निवृत्त प्राध्यापिका, बोलणं गोड. प्रत्येक मुलाला मोफत आणि चांगलं शिक्षण मिळालं पाहिजे, अशी त्यांची मोहीम होती. वर्ग वाचवू म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग शिक्षण खात्याच्या कचेरीत पालकांना न्यायचं म्हणून त्यांनी कॉलेजच्या दोन मुली घरोघर पाठवल्या.

त्या आधी माझ्या शेजारणीकडे गेल्या. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात. मी दारातच मोटार उघडून बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, आम्ही तुमच्या मुलीच्या मागणीसाठी आलोय."

शेजारणीने लगेच सतरंजी अंथरली. "या की पावणं. बसा, चहा ठेवतो. कुठलं म्हणायचं तुम्ही?"

"कोल्हापूरच्या."

"आणि पोरगा काय करतोय?"

त्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "पोरगा असो की पोरगी, शिकायलाच पाहिजे, मावशी."

"म्हंजे पोरगा शिकलेला न्हाय व्हय? मग शेती तरी किती हाय?"

मी हातातला पाना टाकून धावलो. बारा वर्षांच्या मुलीच्या घरात जाऊन मागणी आणली म्हटल्यावर दुसरं काय होणार! ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पण मागणी हाच शब्द बरोबर आहे." शब्द बरोबर असेल हो, पण दुपारपर्यंत वस्तीभर झालं होतं की शहरातली माणसं सहावीच्या पोरींना स्थळं घेऊन फिरतायत. शेजारीण तर खट्टूच झाली. "चहा वाया गेला की माझा," म्हणाली. शेवटी दुकान बंद ठेवून मीच घरोघर गेलो. "मास्तर पायजे का नको, एवढंच सांगा," म्हटलं. सगळे यायला तयार झाले.

शिक्षण खात्याच्या कचेरीत निघालो तेव्हा मी ताईंना बजावलं, "आधी दोन शिक्षक मागा. आठवीचा वर्गही मागा. साहेब नाही म्हणतील, मग हळूहळू खाली येऊ."

ताई म्हणाल्या, "दादा, हा बाजार नाही. आपण हक्क मागतोय. लागतं तेवढंच मागायचं."

कचेरीत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले. "ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण शिक्षकच नाहीत हो माझ्याकडे."

आणि ताई एका दमात खाली आल्या. "निदान अर्धवेळ तरी द्या."

साहेबांनी पेन उघडलंसुद्धा. माझं टाळकं सटकलं. "ओ साहेब, थांबा की! अर्धा मास्तर कसला? मी गिऱ्हाइकाला अर्धी मोटार देतो काय?"

"हे कोण पावणं?" साहेब हसून म्हणाले.

"दादा, जरा शांत बसा," ताई म्हणाल्या. "झालंय आपलं काम."

बाहेर फोटो निघाला. त्यात मी नाही.

जूनमध्ये सातवी भरली. शिक्षक दुपारी यायचे. सकाळी शाळा सातवीच्या मुलींना खालच्या वर्गांना शिकवायला बसवायची, कारण तिथेही माणूस कमीच होतं. पहिल्या आठवड्यात मुलगी घरी आली ती उड्या मारतच. "आई, आज दुसरीला मीच बाई होते!"

बायको कौतुकाने हसली. मी मुलीला विचारलं, "आणि तुला कोण शिकवलं?"

"दुपारी सर आलते की थोडा वेळ," ती म्हणाली आणि खेळायला पळाली.