बियर शॉपीच्या दारातले पापड

रोह्याची शिफ्ट आटोपून पेणला परतताना मी शनिवारी वडखळच्या बियर शॉपीवर थांबायचो. बियर हे निमित्त. खरी ओढ दारातल्या माणसाची. तो शेगडीवर पोह्याचे पापड भाजून विकायचा. उलटताना बोटं पोळली की कानाची पाळी धरायचा आणि गिऱ्हाइकाची बाटली बघून पापड निवडायचा. “ष्ट्राँग हाय? मग तिखट घ्या!” स्वतःही बियरचा भक्त. “कंपनीचा पगार बायकोच्या हातात जातो. माझी बियर ह्या पापडांवर,” डोळा मारत सांगायचा. पापड लाटायची बायकोच. तिला मात्र सांगितलेलं, कंपनीतले सायेब नेतात.

एका शनिवारी ती अचानक रिक्षातून उतरली. त्यानं आपली बाटली माझ्या हातात कोंबली. माझ्या हातात आता दोन! शाळेतल्या पोरांसारखं आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांनी बाटल्या पाठीमागे लपवल्या. तिनं शॉपीची पाटी वाचली, आमच्याकडे पाहिलं आणि पापडाचा तुकडा मोडून खाल्ला.

“अवो, आधी सांगायचं नाय? मी मिठागरावरची पोर. मीठ वाढवलं असतं. तहान लागली की मानसं परत येतात!”

आम्ही टाळ्याच वाजवल्या.

आता पापडांच्या गल्ल्यावर ती बसते आणि संध्याकाळ सरायच्या आत पापड संपतात. परवा मी त्याला विचारलं, “कसं काय?”

“धंदा झकास,” लिंबू सोड्याचा घोट घेत तो कुजबुजला, “फक्त बियर बंद झाली.”

तेवढ्यात तिनं मान वळवली आणि त्यानं पटकन कान धरला. शेगडी तर केव्हाच विझली होती.