धुरा कोणाच्या नावावर

शाळेत दुसऱ्याच्या डब्यात कोणती भाजी आहे हे पाहिल्याशिवाय मला घास उतरत नसे. ही खोड पुढे सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत फार कामी आली. वर्ध्यातल्या एका एक्स-रे केंद्राचं काम माझ्याकडे आहे. गावोगावच्या शाखा छातीचे फोटो आमच्या सर्व्हरवर पाठवतात, डॉक्टर ते पाहून अहवाल लिहितात आणि तिथंच ठेवतात.

एका सकाळी आंजीची एक भाजीवाली बाई थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. गावात बोभाटा नको म्हणून ती मुद्दाम वर्ध्याला येऊन फोटो काढून गेली होती.

"तरी गावाले कसं कळलं?" ती म्हणाली. "टीबी हाय म्हणते लोक मले. माह्या मेथीले कोणी हात लावून नाई राह्यलं. डाग जुना हाय, बरा झाला, असं डॉक्टरनं लिहून देल्लं ना?"

सर्व्हरवर कोण कुठं शिरलं याच्या नोंदी चाळल्या. आंजीच्या शाखेतला ऑपरेटर आपल्या फोल्डरातून एक पायरी वर चढून वर्ध्याच्या फोल्डरात शिरला होता. त्याच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली, पण दार उघडं कोणी ठेवलं? मीच.

आमचा सर्व्हर ज्यावर चालतो त्या युनिक्समध्ये याला एक झकास उपाय आहे. फाइल पाठवणाऱ्याला त्याच्या फोल्डरात असं कोंडायचं, की तेच त्याला अख्खं जग वाटावं. वर चढायला पायरीच नाही. "उद्या या, पक्कं करून दाखवते," मी बाईला म्हटलं. मग ऐटीत प्रत्येक शाखेचं फोल्डर तिच्या तिच्या नावावर केलं आणि कोंडलं. झालं! एकही शाखा आत येईना. पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हर आल्या पावली हाकलून देई. काऊन, ते काही केल्या कळेना.

संध्याकाळी नालवाडीला घरी आले. बाबा अंगणात पालकाच्या जुड्या बांधत होते. "काऊन वं, तोंड पाडून बसली?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"पुरं वावर त्याच्या नावावर केलं? धुऱ्यासकट?"

"हो."

"मंग! बांध त्याचाच झाला तं तो नांगरूनच टाकन ना."

मी उडालेच. खरंच की! बाहेरचं फोल्डर रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मालकाच्या नावावर हवं, आणि त्याच्या आतलं एक तेवढं शाखेचं. नाहीतर कोंडलेला माणूसच भिंत सरकवेल, म्हणून सर्व्हर कोणालाच आत घेत नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोल्डरांची नावं तशी बदलली आणि बाईसमोर आंजीच्या शाखेच्या नावानं आत शिरले. वर जाऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं. काही नाही.

"म्हंजे आता बाकीच्यायले कोणालेच दिसत नाई?" तिनं वाकून विचारलं.

"डॉक्टर सोडून कोणालाच नाही."

"आन तुमाले?"

रूट मीच. आदल्या दिवशी नोंदी चाळताना तिचा अहवाल मी उघडला होता. काही गरज नव्हती. वजन, नवऱ्याचं नाव, शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं होतं. लाज वाटली.

"मला दिसतं," मी म्हणाले. "आणि मी वाचलं."

तिनं पिशवी काखेत मारली.

"वाचलं ना? मंग बजाराच्या दिवशी आंजीले येजा. सगळ्यायसमोर माही मेथी घेजा."

गेले. चार जुड्या घेतल्या आणि तिथंच उभं राहून एक काडी कच्चीच खाल्ली.