खांद्याला चष्मा नसतो

आमच्या रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काकू डोळे तपासतात आणि काका मागच्या खोलीत मशीनवर काचा घासतात. गिऱ्हाईक पायरीवर कसं अडखळतं यावरूनच काकू नंबराचा अंदाज बांधतात आणि तो सहसा चुकत नाही. त्यामुळे त्यांची सात वर्षांची पिंटुकली सारखी डोळे मिचकावायला लागली, तेव्हा त्या जराही घाबरल्या नाहीत. तिला खुर्चीत बसवलं, अक्षरं वाचून घेतली, कुठूनसा एक बारीक नंबर शोधून काढला आणि लाल फ्रेमचा चष्मा चढवला.

पिंटुकली आता चष्म्याआडून मिचकावायला लागली. काचा बदलल्या, थेंब घातले, टीव्ही बंद झाला. दोन महिन्यांनी डोळे आपोआप शांत झाले, आणि काकूंनी काकांना चार लोकांत ऐकवलं की शेवटी तपासणाऱ्याचा हात लागतो. पुढच्याच आठवड्यात पोरगी घसा खाकरायला लागली आणि पाठोपाठ तिचा डावा खांदा उडायला लागला. खांद्याला काही चष्मा लावता येईना.

मग टोकणं सुरू झालं. काकू जेवताना टोकत, आत्या फोनवरून टोके, शाळेतल्या बाई वर्गात टोकत. मुद्दाम करतेस, हे तिने इतक्यांदा ऐकलं की तिलाही ते खरं वाटू लागलं. टोकावं तितका खांदा जास्त उडे. शेवटी एक दिवस काकांनीच मशीन बंद केलं आणि लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरवलं. मेंदू म्हटल्यावर काकूही दुकानाला कुलूप लावून सोबत निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि मग पिंटुकलीलाच विचारलं, की खांदा उडण्याआधी काय होतं.

"आत कसंतरी होतं, खाजेसारखं. उडवला की जातं. शाळेत मी धरून ठेवते. घरी आले की सगळं एकदम बाहेर येतं."

काकू हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की याला टिक म्हणतात. शिंकेसारखी उबळ येते, मूल मुद्दाम करत नाही, आणि यात आईबापांनी लावलेलं वळणही चुकलेलं नसतं. टिक कमीजास्त होते, जागा बदलते. दमणूक, काळजी, कधी आनंदानेही वाढते. बऱ्याच मुलांची मोठेपणी ओसरते. औषध सगळ्यांनाच लागत नाही. त्रास होत असेल तर सराव शिकवतात. उबळ जाणवली की खांदा हलकेच खाली दाबून धरायचा, घशासाठी नाकाने सावकाश श्वास घ्यायचा.

"आणि मी काय करू?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही त्याबद्दल बोलू नका. बाकी हवं ते बोला."

त्याच संध्याकाळी काकूंनी पिंटुकलीला पुन्हा खुर्चीत बसवलं. नंबर शून्य निघाला. तेव्हाही नव्हताच, असं त्यांनी कबूल केलं.

"मला माहीत होतं," पिंटुकली म्हणाली. "तुला बरं वाटायचं म्हणून घालत होते."

पोरीला सराव जमायला तीन महिने लागले, काकूंना वर्ष. टोकायची उबळ आली की त्या काचा पुसायला घेत; त्या वर्षी दुकान नुसतं लखलखत होतं. काकांनी शाळेत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी विचारल्यावर पिंटुकली स्वतःच वर्गापुढे उभी राहिली आणि म्हणाली, की हे उचकीसारखं आहे, हसू नका आणि लक्षही देऊ नका. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, की मग काल मला डोळा मारलास ते काय?

"मारायचा असेल तेव्हा आधी सांगेन," ती म्हणाली. वर्ग हसला, आणि या वेळी तीही हसली.

आता ती तेरा वर्षांची आहे. चित्र काढताना तासन्‌तास काही होत नाही. परीक्षा जवळ आली की खांदा परत उडतो. परवा जेवताना तो उडाला आणि तिच्या हातातला चमचा थेट काकांच्या ताटात पडला. काकांनी तो पुसून परत दिला. काकू शेजारणीची गोष्ट सांगत होत्या, ती तशीच पुढे सांगत राहिल्या.