काडतूस जमेपर्यंत

माझ्या बाबांनी जन्मात कधी बंदूक हातात धरली नव्हती. मिरजेच्या पेठेत आयुष्यभर सोनारकाम केलं, आई गेल्यावर दुकान बंद केलं आणि घरात एकटेच राहू लागले. मी जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, मोटारींच्या कारखान्यात नोकरीला होते. रविवारी फोन करून मी "जेवलात का?" विचारायचं आणि त्यांनी "हो गं" म्हणायचं, यात काही अर्थ नव्हता. शेवटी हट्टाने त्यांना बोलावून घेतलं. व्हिसा तीन महिन्यांचा होता, पण माझ्या मनात पक्कं ठरलं होतं. बाबांना आता इथंच ठेवून घ्यायचं. त्यासाठी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, कितीही खेटे घालायला मी तयार होते.

पण बाबांचा जीव रमेना. फेब्रुवारीतलं ते करडं आभाळ, खिडकीखालचा रिकामा रस्ता. "इथं माणसं नाहीतच का गं?" असं ते रोज विचारायचे आणि मी रोज चिडायचे. होती की माणसं, सगळी कामाला गेलेली असायची.

एक दिवस घरी आले तर बाबा घरात नव्हते. धावत खाली गेले, तर तळघराचं दार उघडं आणि बाबा आत स्टुलावर बसलेले. शेजारी आमचे घरमालक. म्हातारे, बायको वारलेली, जुने शिकारी. एकाला दुसऱ्याचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघंही एका छोट्या तराजूवर वाकले होते.

घरमालक आपल्या रायफलची काडतुसं स्वतः भरायचे. पितळेची पुंगळी, तिच्यात मोजून घातलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, एवढंच खरं तर काडतूस. पण त्यांची नेहमीची दारू बाजारात येईनाशी झाली होती आणि मेमध्ये हरणांचा हंगाम सुरू होणार होता. म्हणजे पहिल्यापासून सगळं नव्याने जमवायचं. दारू कुठली, किती, आणि गोळी पुंगळीत किती खोल.

तराजूचा काटा थरथरत होता. बाबा उठले, कोपऱ्यातला गरम हवेचा पंखा त्यांनी बंद केला आणि परत येऊन बसले. दुकानात तोलायच्या आधी ते पंखा बंद करायचे, तसंच. काटा स्थिर झाला. घरमालक "गेनाऊ!", अगदी बरोबर, म्हणून हसले आणि तेव्हापासून बाबांना 'हेर गोल्डश्मीड', म्हणजे सोनारसाहेब, म्हणू लागले. बाबा त्यांना 'मालक' म्हणायचे. दोघांचं छान चाललं होतं.

एक मात्र होतं. दारूला हात लावायचा परवाना फक्त घरमालकांकडे होता आणि जर्मन माणूस कायद्याला देवापेक्षा जास्त भितो. त्यांनी टेबलावर बोटाने रेघ ओढून दाखवली. तिकडे दारू, इकडे बाबा. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. "दुसऱ्याच्या सोन्याला न विचारता हात लावत नसतात," ते म्हणाले. त्यांच्या वाट्याला रिकाम्या पुंगळ्या आल्या. त्या ते पुसायचे, त्यांच्या तोंडाच्या कडा साफ करायचे, आणि दारू न घालता नुसती गोळी बसवून, ती किती खोल हवी ते बघायला, मापाची खोटी काडतुसं तयार करायचे.

संध्याकाळी दुभाषी मी. घरमालक सांगायचे ते मी मराठीत सांगायचे. एका डब्यातली दारू सावकाश जळणारी होती. त्यांची नळी आखूड, त्यामुळे ती आत पुरती जळायची नाही आणि तिन्हीसांजेला नळीच्या तोंडाशी एवढा जाळ व्हायचा की पुढचं काही दिसायचं नाही. दुसऱ्या डब्यातली जरा झटकन जळणारी. ती बरी, पण तिचा दाब एकदम चढतो, म्हणून पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करून दमादमाने वर जायचं, आणि दर वेळी उडवलेली पुंगळी निरखून बघायची. गोळीचंही तसंच. फार आत दाबली तर दारूची जागा कमी होऊन दाब वाढतो. फार बाहेर ठेवली तर ती नळीच्या आतल्या पिळदार खाचांना जाऊन टेकते, आणि मग पुन्हा दाब वाढतो. नेमकी जागा प्रत्येक रायफलची वेगळी.

"म्हणजे कोंदणातला खडा," बाबा म्हणाले. "हे त्यांना सांग."

मी सांगितलं. घरमालकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"आणि एवढा खटाटोप कशाला, तेही विचार त्यांना. एक हरीण मारायला?"

"मारायला नाही," घरमालक म्हणाले. "ते जखमी होऊन पळू नये म्हणून." बाबांनी पुढची पुंगळी पुसायला घेतली.

दर शनिवारी घरमालक शूटिंग रेंजवर जायचे आणि भोकं पडलेला कागद घेऊन यायचे. आधी तीन भोकं बशीएवढी पसरलेली असायची, मग वाटीएवढी. बाबा कागद उजेडात धरून बघायचे आणि मान हलवायचे. अजून नाही.

खरं सांगते, ते काडतूस जमूच नये असं मला वाटायचं. कामावरून येताना तळघराची ती जमिनीलगतची खिडकी उजळलेली दिसायची आणि माझी पावलं आपोआप भरभर पडायची. इतकी वर्षं त्या देशात राहिले, पण घरी कुणीतरी आहे हे रस्त्यावरूनच कळण्याचं सुख मला तेवढंच मिळालं. अजूनही कुठल्या तळघराची खिडकी पायाशी उजळलेली दिसली की मी थांबते. मला बाबा हवे असतात.

"बाबा, इथंच राहा ना," मी एकदा धीर करून म्हटलं.

"बघू गं. आधी मालकांचं काम होऊ दे."

या 'बघू'वर मी एप्रिलभर जगले. फॉर्म आणून ठेवले, त्यांच्यासाठी जाड कोट घेतला, पलीकडच्या खोलीला पडदे लावले.

आणि एका शनिवारी बाबा जिना चढून धापा टाकत वर आले. "जमलं गं! तिन्ही भोकं एकमेकांना चिकटली!" त्यांचा चेहरा असा फुललेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. मी शिरा केला, त्यांनी दोनदा मागून घेतला. मग हात धुता धुता म्हणाले, "माझी बॅग कपाटावर टाकलीयस ना? जरा काढून दे."

स्टुटगार्टच्या विमानतळावर सामान तपासणीत बाबांना बाजूला घेतलं. मापाचं शेवटचं, दारू नसलेलं काडतूस घरमालकांनी आठवण म्हणून त्यांना दिलं होतं आणि बाबांनी ते कोटाच्या खिशात ठेवलं होतं. खिशात बंदुकीचं काडतूस घेऊन विमानात चढणारा माणूस! कायद्याला एवढं भिणाऱ्या घरमालकांनाही हे सुचलं नव्हतं आणि मलाही नाही. दुभाषी म्हणून मला आत बोलावलं.

"रिकामं आहे हो," मी पोलिसाला सांगितलं. "आत काही नाही."

"हो, हो, दिसतंय. पण तज्ज्ञ सहकाऱ्याला दाखवावं लागेल, त्याला वेळ लागतो. विमान चुकलं तर उद्याचं बघता येईल."

उद्याचं! माझं मन उड्याच मारू लागलं. आज घरी जायचं. मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट, मग मुदतवाढ. तळघर आहेच, मालक आहेत. हे बाबांना सांगायला मी वळले, तर ते माझ्या पुढे होऊन पोलिसासमोर हात जोडून उभे होते.

"बिट्टे," ते म्हणाले. "नाख हाउजे. बिट्टे. नाख हाउजे."

कृपा करा, घरी. हे शब्द त्यांनी कधी शिकून घेतले, कुणास ठाऊक. माझ्याकडे ते बघतच नव्हते.

पोलीस गोंधळला. "घरी? म्हणजे तुमच्या घरी, इथं?"

मी बाबांचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले.

"नाही," मी म्हणाले. "भारतात. त्यांना जाऊ द्या."