आबांच्या जाळ्यातल्या माझ्या गाठी

माझे सासरे, आबा, जाळ्यातली गाठ बघून ती कुणी मारली ते सांगायचे. "ही धाकल्या भावाची. घाई हाय तिच्यात." उलव्याकडे इमारती उठल्या, खाडीत जाणारे कमी झाले, तरी गावातली उरलीसुरली जाळी दुरुस्तीला आमच्याच ओट्यावर यायची.

पुढे आबांच्या दोन्ही हातांना मुंग्या येऊ लागल्या. बोटं बधिर झाली, गाठी सैल पडू लागल्या. माझ्या नवऱ्यानं विचारलं की म्हणायचे, "दोरी वढून हात मरतातच. त्याचा काय सांगाचा?" ते दुपारी झोपले की मी त्या गाठी सोडून पुन्हा आवळायचे. त्यांना कुणी नाव ठेवू नये, एवढंच मनात.

मग त्यांना धाप लागू लागली, पाय सुजले. पनवेलच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा सापडेना. दिलेल्या गोळ्यांनी उलट चक्कर यायची. नवरा कामावर, म्हणून सोबत मी. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही त्रास, काका?"

"नाय."

मी सासऱ्यांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी भिंतीकडे बघत मीच म्हणाले, "त्यांचे दोन्ही हात बधिर असतात. चार वर्षं झाली."

आबांनी असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र पेन ठेवून सरसावून बसले. रक्त, लघवी तपासली, न्यूक्लिअर स्कॅन सांगितला. त्यासाठी किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन झाल्यावर आबांनी तिथल्या मुलीला विचारलं, "काळोखात दर्या चमकतो, तसा मी चमकणार काय?" ती हसत सुटली. तीन तासांनी त्यांना मशीनखाली झोपवलं.

इंजेक्शनातलं, एरवी हाडांना धरणारं औषध स्कॅनमध्ये आबांच्या हृदयाला धरलेलं दिसलं. तिथं एक प्रथिन साचत होतं, आणि हातांचं दुखणंही बहुतेक त्याचंच. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण बरं होणार नाही. पण यातला जास्त वाईट प्रकार नाही, आणि वाढ रोखायला औषध आहे." चक्कर आणणारी गोळी त्यांनी बंद केली.

रिक्षात आबा माझ्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "पोरी, तुजी गाठ मी पयल्या दिसापासून वळखतो. माज्यापेक्षा घट्ट हाय."

"मग बोलला नाहीत?"

"तू तरी कवा बोललीस?"

त्यानंतर दोन वर्षं आबा ओट्यावर बसत होते. सैल गाठ आली की जाळं सरळ माझ्याकडे सरकवायचे. गेले तेही दुपारच्या झोपेतच. एक जाळं अर्धं राहिलं होतं. ते मी ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत पुरं केलं.